जड स्टिअरिंगचं दुखणं

माझी ओळख कवी म्हणून करून दिली जाते. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. मराठी वाङ्मय घेऊन मी बी.ए. झालो तेव्हा अब्बांनी निकालाचा कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "याला पाना किती नंबरचा लागतो?" अब्बा गाड्यांचे मिस्त्री. नागपुरात कामठी रोडवर, ऑटोमोटिव्ह चौकाच्या थोडं पुढे त्यांचं गॅरेज. त्या दिवसापासून आजतागायत मी त्या गॅरेजच्या काउंटरवर बसतो आहे. हिशेब लिहितो, स्पेअर पार्ट आणतो आणि बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर कविता लिहितो. तेव्हा आज कवितेऐवजी जीपच्या स्टिअरिंगवर बोललो तर मी दुसऱ्याच्या शेतात शिरलो असं कृपा करून समजू नका. ते माझंच शेत आहे.

आणि विषयही वाटतो तेवढा परका नाही. शहरात फोर-बाय-फोर गाडी ही आता हौस झाली आहे. पण रामटेकच्या पलीकडे देवलापारकडे जा, मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे जा, गडचिरोलीत जा. तिथे जीप म्हणजे एस.टी. जिथे थांबते तिथून पुढचा रस्ता. बाळंतीण, वऱ्हाड, शाळेचे मास्तर, बियाण्याची पोती, तेंदूपत्त्याच्या मजुरांची टोळी, सगळं तिच्यातून जातं. अशा गाडीचं स्टिअरिंग अवघड वळणावर जड झालं, तर काय होईल ते तुम्हीच ताडा.

अब्बा शिकले ते महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या विलीज जीपवर. पुढे महिंद्रांच्या जीपा आल्या. इथे एक गोष्ट सांगायचा मोह होतो. ही कंपनी १९४५ साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' असं होतं. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली इकडे दुसऱ्या नावाच्या जागी पुन्हा महिंद्रच आलं. अब्बा हे सांगून म्हणायचे, "पाहा, बोनेटवरची अक्षरं बदलावी लागली नाहीत." त्यात विनोद किती आणि हळहळ किती, हे मला कधी कळलं नाही.

त्या जुन्या जीपांचं स्टिअरिंग साधं. माणसाच्या दंडात जेवढा जोर, तेवढं चाक वळणार. जंगल सफारीला जिप्सी असते, तिचंही तसंच. चालत्या गाडीत ते हलकं वाटतं, पण गाडी उभी असताना, त्यातून चिखलात, फिरवून पाहा. खांदे भरून येतात. म्हणून तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग आलं. त्याला आपण सगळेच 'पॉवर स्टिअरिंग' म्हणतो. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरने १९२६ सालीच ते मोटारीत बसवून दाखवलं होतं. मोटार कंपन्यांना ते महाग वाटलं. मग युद्धात जड चिलखती गाड्यांना ते लागलं आणि १९५१ साली क्रायस्लर कंपनीने ते विक्रीच्या मोटारीत आणलं. म्हणजे पंचवीस वर्षं ही विद्या पडून होती. आपल्याकडच्या जीपवाल्यांच्या वाट्याला तर ती फार उशिरा आली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. अब्बांनंतर गॅरेज माझ्या थोरल्या भावाकडे, भाईजानकडे आलं. आज ते पासष्टीला आले आहेत. नागपूरभर त्यांची ख्याती अशी, की बोनेट उघडायच्या आधी ते आवाज ऐकून दुखणं सांगतात. पण पंचेचाळीस वर्षं डिझेल इंजिनांच्या शेजारी आणि हातोड्याच्या ठोक्यांत काढल्यावर कान कुठून राहणार? पाच-सहा वर्षांपासून त्यांना ऐकू येईनासं झालं. आधी बारीक, चिरके आवाज गेले, मग बाकीचे. श्रवणयंत्र घेतलं. पण गॅरेजात ते लावलं की इंजिनाबरोबर हातोडाही मोठा होतो, बाहेरच्या ट्रकचा हॉर्नही. म्हणून ते यंत्र बहुतेक वेळा त्यांच्या शर्टाच्या खिशात असतं.

त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. मिस्त्रीला ऐकू येत नाही ही बातमी गिऱ्हाइकांत पसरायला वेळ लागत नाही. एक दिवस मला हाक मारून म्हणाले, "छोटे, तू शब्दांचा माणूस आहेस ना? मग हा आवाज कसा आहे ते मला सांग." तेव्हापासून मी त्यांचा कान आहे. आणि तुम्हाला सांगतो, मराठीत आवाजाला किती शब्द आहेत हे मला बी.ए.च्या वर्गात नव्हे, गॅरेजात कळलं. घरघर वेगळी, कुरकुर वेगळी, खडखड वेगळी. कण्हणं वेगळं, किंचाळणं वेगळं. आम्ही घरी हिंदी-उर्दू बोलतो, पण या कामाला भाईजानही मराठीच शब्द घेतात.

एका एप्रिलमध्ये देवलापारकडचा एक जीपवाला आला. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. चाळिशीचा माणूस, एकच गाडी, तिच्यावर कर्ज. एप्रिल-मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. ठेकेदाराला जंगलातल्या फळीवर जायला-यायला जीप लागते आणि त्या दीड महिन्यात वर्षाचे चार-सहा हप्ते निघतात. हा आला तो घामाने निथळत.

"काय सांगू भाऊ," तो म्हणाला, "सकाळी मख्खन चालते. अन् अर्ध्या घंट्यानं अशी जड होते का दोघांनी मिळून ओढा लागते. परवा नाल्याच्या रपट्यावर वळलीच नाही. मागं सात बाया बसल्या होत्या."

त्याने दुसऱ्या एका ठिकाणी दोन वेळा पंप बदलून घेतला होता. दोन्हीचे मिळून पंधरा हजारांवर गेले. दुसऱ्या पंपासाठी बायकोची पोत गहाण पडली. पंप बदलला की आठ-दहा दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. आता तिथे सांगत होते, स्टिअरिंग बॉक्सच बदलवा. तो विचारायला आला होता की बॉक्स बदलवू, का गाडीच विकून टाकू.

पुढचं समजायला या यंत्रणेत काय काय असतं ते थोडक्यात सांगतो. इंजिनावर एक पट्टा असतो, तो एक छोटा पंप फिरवतो. पंपाच्या वर किंवा जवळ तेलाचा डबा. डब्यातून तेल एका जाड, साध्या पाइपाने पंपात जातं. पंप ते दाबून दुसऱ्या मजबूत पाइपाने स्टिअरिंग बॉक्समध्ये पाठवतो. बॉक्समध्ये एक दट्ट्या असतो. तुम्ही स्टिअरिंग डावीकडे वळवलंत की आतली एक पोलादी कांडी किंचित पिळली जाते, त्या पिळाने एक झडप उघडते आणि तेल दट्ट्याच्या एका बाजूला ढकललं जातं. उजवीकडे वळवलंत की दुसऱ्या बाजूला. काम झालेलं तेल तिसऱ्या पाइपाने परत डब्यात. बस, एवढंच. म्हणजे चाक तुम्हीच वळवता, तेल फक्त मागून खांदा लावतं. तो खांदा केवढा? टायरमध्ये आपण तीस-पस्तीस पौंड हवा भरतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की या तेलाचा दाब हजार पौंडांच्या वर जातो.

यातून एक फार महत्त्वाची गोष्ट निघते. जीप-मोटारीत तेलाने साथ सोडली तरी स्टिअरिंग आणि चाकं यांचं लोखंडी नातं तुटत नाही. ते जड होतं, जॅम होत नाही. माणसं घाबरतात, "स्टिअरिंग लॉक झालं" म्हणून हात सोडतात किंवा चावी बंद करतात. चावी बंद करून काढली तर मात्र ते खरोखरच लॉक होतं. म्हणून चालत्या गाडीत अचानक जड झालं तर दोन्ही हातांनी घट्ट धरा, वेग कमी करा, पूर्ण जोर लावून वळवा, ते वळतं. आणि त्याच वेळी बॅटरीचा दिवा लागला असेल तर समजा पट्टाच तुटला आहे. पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. मग गाडी पुढे नेऊ नका, इंजिन तापून बसेल.

भाईजानने त्याला पाणी दिलं आणि प्रश्न विचारायला लागले. पाना हातात घ्यायच्या आधी प्रश्न, ही अब्बांची पद्धत. डॉक्टर पूर्वी असे विचारायचे. आता आधी चिठ्ठी देतात आणि मग विचारतात, पण तो वेगळा विषय.

पहिला प्रश्न, "दोन्हीकडे जड होते का एकाच बाजूला?" याचं उत्तर 'एकाच बाजूला' असतं, तर गोष्ट तिथेच वळली असती. पंपाला डावं-उजवं कळत नाही. एकाच बाजूला जड म्हणजे दोष बॉक्सच्या आत, झडपेत किंवा सीलमध्ये. तो म्हणाला, दोन्हीकडे. म्हणजे बॉक्स बदलायची घाई नको, एवढं तरी ठरलं.

दुसरा प्रश्न, "थंडी असताना का गरम झाल्यावर?" गरम झाल्यावर. इथे त्या दुसऱ्या मिस्त्रीची बाजूही सांगितली पाहिजे. पंप आतून झिजला असेल तर गरम, पातळ झालेलं तेल तो नीट दाबू शकत नाही आणि स्टिअरिंग गरमीतच जड होतं. तेव्हा पंपावर संशय घेण्यात मूर्खपणा नव्हता. चूक एवढीच, की तिसरा प्रश्न विचारला गेला नाही.

तिसरा प्रश्न असा, "रेस दिली का हलकी होते, का अजून जड होते?" झिजलेला पंप संथ फिरताना दाब देऊ शकत नाही, जोरात फिरवला की भरून काढतो. म्हणजे रेस दिली की हलकं व्हायला हवं. जीपवाला विचारात पडला. मग म्हणाला, "तेच तर समजून नाही राहिलं भाऊ. रेस दिली का अजूनच जड." हे ओठ वाचूनच भाईजानच्या लक्षात आलं असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चल."

आम्ही तिघं कामठीच्या दिशेने निघालो. दुपारचे दोन, नागपूरचा एप्रिल. कन्हानचा पूल ओलांडेपर्यंत स्टिअरिंग खरोखरच लोण्यासारखं होतं. परत फिरलो तोवर बोनेटखालून एक आवाज सुरू झाला आणि जीपवाल्याच्या दंडाच्या शिरा दिसायला लागल्या. गॅरेजात आलो. इंजिन चालूच ठेवलं, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओट लावलेली. भाईजानने लांब स्क्रूड्रायव्हर काढला. त्याचं टोक पंपाच्या अंगावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, ही मिस्त्री लोकांची जुनी नळी. पूर्वी मूठ त्यांच्या कानाला असायची. आता टोक ते धरतात आणि मूठ माझ्या कानाशी येते. (हा प्रयोग घरी करू नका. फिरत्या पट्ट्यात आणि पंख्यात ओढणी, गमछा, बाही जायला निमिष लागत नाही.)

"काय ऐकू येतंय?"

"घरघर," मी म्हणालो.

"घरघर बेअरिंगची असते. नीट ऐक."

"कण्हतोय."

"कधी?"

"रेस दिली की जास्त. आवाज चढत जातो."

"किंचाळत तर नाही?" किंचाळणं म्हणजे पट्टा घसरतोय. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो हमखास किंचाळतो. तसं नव्हतं. "आणि सूंऽऽ असा?" उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना बारीक सूं येणं हे निरोगीच असतं, झडपेतून तेल जाताना ते येतं. तेही नव्हतं. मी पुन्हा कान लावला. शब्द सापडेना. कविता लिहिताना शब्द सापडला नाही तर कागद बाजूला ठेवता येतो. इथे एक माणूस उभा होता, ज्याची पोत गहाण होती.

मग मला एकदम रसवंती आठवली. मी म्हणालो, "भाईजान, ग्लासातला रस संपतो आणि पोरं नळी ओढत राहतात ना, तसा."

भाईजान हसले. "बस," म्हणाले. "प्यायला मिळत नाही त्याला."

जीपवाल्याला त्यांनी रेस द्यायला सांगितली आणि टॉर्च घेऊन बॅटरीच्या मागे वाकले. मलाही दाखवलं. डब्यातून पंपाकडे जाणारा तो साधा, जाड पाइप. इंजिन संथ असताना तो गोल होता. रेस दिली की वळणाच्या जागी हळूहळू चपटा व्हायचा, पोट आत ओढून घेतल्यासारखा. सोडली की पुन्हा गोल. पंप जेवढ्या जोराने तेल ओढायचा तेवढा पाइप स्वतःच बंद व्हायचा. म्हणून रेस दिली की जड. आणि थंड असताना रबर कडक, म्हणून सकाळी मख्खन.

इंजिन बंद करून, निवू देऊन, पाइप काढला. वरून तो नवा दिसत होता. ब्लेडने उभा चिरला तर आतलं रबर भिजलेल्या पावासारखं फुगलेलं, नखाने सुटत होतं. तो पाण्याचा पाइप होता. रेडिएटरला लावतात तसा. पाण्याच्या पाइपाचं रबर तेल सोसत नाही, गरम तेलात ते फुगतं आणि मऊ पडतं. जीपवाल्याला मग आठवलं की दोन वर्षांपूर्वी जंगलात मूळ पाइप दगडाने फाटला होता आणि वाटेत जे मिळालं ते लावून गाडी घरी आणली होती. ते तात्पुरतं होतं. आपल्याकडे तात्पुरतं कसं कायमचं होतं हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दोन पंप का गेले तेही मग उलगडलं. पंपाच्या आतल्या भागांना ते तेलच वंगण असतं. ते पुरेसं मिळालं नाही की पंप स्वतःला खातो. शिवाय सुटलेल्या रबराचे कण डब्याच्या तळच्या जाळीत अडकले होते. पंप नवा बसवला, पण जाळी धुतली नाही, जुनं तेल काढलं नाही. नवा पंप जुन्या घाणीत जन्माला आला. मी हे दोष देण्यासाठी सांगत नाही. गॅरेजात दुपारपर्यंत सात गाड्या उभ्या राहिल्या की बिघडलेला भाग बदलण्याकडे हात आपोआप जातो. भाग बिघडला का, हे विचारायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचं बिल करता येत नाही. आमच्याकडूनही हे घडलं आहे.

एक बारकावा मात्र गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. पंपातून बाहेर जाणारा पाइप फुटला तर तेल बाहेर सांडतं, जमिनीवर डाग दिसतो. पण पंपाकडे येणाऱ्या पाइपाची क्लिप ढिली असेल तर इंजिन चालू असताना तिथून तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. डाग दिसेलच असं नाही, आणि तरी स्टिअरिंग कण्हतं, झटके देतं. मग डब्याचं झाकण उघडून पाहा. तेलावर साबणाच्या पाण्यासारखा फेस असेल तर हवा शिरते आहे. तेल काळं, जळकं वासाचं असेल तर ते तापलं आहे. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून तसंच ओढून धरायची सवय पुष्कळांना असते. तेव्हा सगळं तेल त्याच त्या छोट्या झडपेतून दाबाने फिरतं आणि भाजून निघतं. पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. शेवटाला टेकलं की केसभर मागे घ्यावं.

तेल कोणतं घालायचं ते डब्याच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुष्कळ गाड्यांत ते लाल रंगाचं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला लागतं तेच असतं, पण सगळ्या गाड्यांत नाही. रंगावर जाऊ नका, नावावर जा. ब्रेक ऑइल तर कधीच घालू नका. दोन्ही 'ऑइल'च म्हणून एकाने घातलं होतं. आतली सगळी सीलं फुगून गेली आणि मग खरोखरच बॉक्स उघडावा लागला.

त्या दिवशी आम्ही तेलाला चालणारा पाइप आणला. तीन-साडेतीनशे रुपये. दोन नव्या क्लिपा. डबा काढून जाळी धुतली. परतीचा पाइप एका बाटलीत सोडून जुनं तेल बाहेर घेतलं, वरून नवं ओतत राहिलो, लाल स्वच्छ तेल येईपर्यंत. मग हवा काढायचं काम. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून खाली घोड्या लावल्या. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, वीसेक वेळा, आणि डब्यातलं तेल उतरेल तसं भरत राहायचं. बुडबुडे थांबले की मग इंजिन संथ चालू करून पुन्हा तेच. पोरं इथे घाई करतात. आधीच इंजिन चालू केलं की हवा आणि तेल यांचा फेस होतो आणि तो बसायला तासभर लागतो. भाईजान त्या वेळी स्टिअरिंगवर स्वतः बसतात. ऐकू येत नसलं तरी तळहाताला सगळं कळतं, असं म्हणतात.

दाबाच्या बाजूचा पाइप असता तर गोष्ट वेगळी होती. तिथे क्लिप आवळून चालत नाही. तारेची जाळी असलेला, टोकं मशीनने दाबलेला पाइपच लागतो. आणि तिथली गळती बोटाने चाचपू नका. सुईच्या छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडीतून आत जाते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आत बोट सडायला लागतं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा, तेल त्याच्यावर उमटतं. तरीही कुणाला धार लागली तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका, त्याच घटकेला दवाखाना गाठा.

आता याची दुसरी बाजू. स्टिअरिंगची प्रत्येक तक्रार तेलाची नसते. आमच्याकडे येणाऱ्या जीपांत निम्म्याहून जास्त वेळा लोखंडाचीच असते. खडकाळ रस्त्यावर पहिला मार बसतो टायरॉडच्या टोकांना आणि ड्रॉप आर्मला. गाडी सरळ रस्त्यात भटकते, स्टिअरिंगमध्ये मोकळा प्ले येतो, खड्ड्यात खट्खट् वाजतं. तिथे पंपाचा काय संबंध? वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर किंगपिनला ग्रीस नाही, किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावरचा सांधा गंजून जाम झाला आहे. पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाड्यांत हे हटकून सापडतं. शहानिशा सोपी आहे. पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवा आणि हाताने फिरवा. हवेतसुद्धा अडकत, खरडत फिरत असेल तर आधी लोखंड पाहा, मग तेल. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्याच्याही आधी दोन्ही टायरांची हवा मोजा. आणि हौसेने रुंद टायर घातले असतील तर तेही पाहा. अशा टायरांवर पंप कायम घामाघूम असतो.

मघाशी मी म्हणालो की तेल गेलं तरी चाकाशी नातं तुटत नाही. ते जीप-मोटारीपुरतं. आमच्या भागात कोळशाच्या खुल्या खाणी आहेत, उमरेडला आहे. तिथले अजस्र डंपर, किंवा पॉवर स्टिअरिंगचे पुष्कळसे नवे ट्रॅक्टर, यांत स्टिअरिंग आणि चाकं यांच्यामध्ये दांडाच नसतो. फक्त तेल. म्हणून मोठ्या डंपरवर इंजिन बंद पडलं तरी काही क्षण स्टिअरिंग चालावं यासाठी दाब साठवून ठेवणारी किंवा वेगळ्या पंपाची सोय असते. ती आणीबाणीची सोय चालते की नाही हे पाळी सुरू होताना तपासायचं असतं. माझ्या शेजाऱ्याचा मुलगा उमरेडच्या खाणीत डंपर चालवतो. तो जीप शिकला आमच्याकडे, पण जीपचं शहाणपण तिथे चालत नाही हे त्याला आधी शिकवलं. ट्रॅक्टरवाल्यांनीही उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडू नये. डिझेल वाचतं, पण स्टिअरिंग जवळजवळ जातं.

त्या संध्याकाळी जीपवाल्याने पुन्हा कन्हानपर्यंत जाऊन यायचा हट्ट धरला. गेलो. येताना तो एका हाताने चालवत होता, तेव्हा भाईजानने दुसराही हात ठेवायला लावला. पंपाचा आवाज मात्र पूर्ण गेला नव्हता. तहानेत त्याने सोसलं ते सोसलंच होतं. भाईजानने त्याला साफ सांगितलं, "हंगाम काढून घे याच्यावर. रोज सकाळी झाकण उघडून तेल पाहत जा. कण्हायला लागला का ये. आता नवा पंप घेऊ नको." पाइप, क्लिपा, तेल आणि मजुरी मिळून बाराशे रुपये झाले. त्याने हजार दिले, दोनशे खात्यावर लिहिले.

जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर तो उरलेले दोनशे द्यायला आला. पोत सोडवली का, हे मी विचारलं नाही. भाईजानने यंत्र खिशातच ठेवलं, स्क्रूड्रायव्हर उचलला आणि मूठ माझ्या कानाला लावली.

"काय म्हणतो?"

मी ऐकलं. "घुमतोय. कण्हत नाही."

"मग राहू दे," भाईजान म्हणाले आणि बोनेट बंद केलं.